फाट्यावरचा फ्लेक्स

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. पिंपळीच्या आमच्या घरी रविवारी बुद्धवंदना झाली की कुणी ना कुणी मैत्रीभावनेवर चार शब्द बोलायचं. शत्रूचंही भलं चिंता, त्याच्याबद्दल मनात राग ठेवू नका, वगैरे. मी डोळे मिटून ऐकायचे आणि ज्या पोरीनं वर्गात माझी कंपासपेटी मुद्दाम खाली पाडली होती तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे. आई म्हणायची, हिच्या पोटात काही विरघळत नाही. आईचं बरोबर होतं.

तर मी आर्किटेक्ट आहे. इंजिनिअर आमच्याकडे कुणीही असतो. मोटार बांधणारा, वायरिंग करणारा, बोअरला पाणी कुठं लागेल ते सांगणारा, सगळे इंजिनिअर. पण आर्किटेक्ट हा शब्द कायद्यानं कुंपण घातलेला आहे. आमच्या व्यवसायाची एक परिषद आहे. नुसती पदवी घेऊन भागत नाही, त्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. मग नंबर मिळतो, तो शिक्क्यावर घालायचा, नोंदणी वेळच्या वेळी पुढे चालू ठेवायची. कसं वागायचं याचेही नियम आहेत. चुकलात तर तीच परिषद बोलावून कान धरते, आणि फारच चुकलात तर नाव काढून टाकते. नाव गेलं की शिकलेलं डोक्यात राहतं, पण तो शब्द वापरायची सोय राहत नाही.

माझी नोंदणी झाली तेव्हा आबा नोकरीत होते. आबा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. बारामती-इंदापूर गाडीवर त्यांची इतकी वर्षं गेली की रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्यावर त्यांना ओळखणारं कुणीतरी असायचंच. आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस आपला थांबा चुकवायचा नाही. नोंदणीचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीत तिकिटं फाडता फाडता सगळ्यांना सांगितलं, "ऐका वो, आमची पोरगी आर्किटेक झाली!" एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी काय करती रं कंडक्टर?" आबा म्हणाले, "ती कागदावर घर काढती, आन् मग तसंच घर हुतंय." म्हातारी म्हणाली, "मग माझ्याबी सुनंला वायलं घर काढून दे म्हनावं." गाडी हसली. आबांनी ही गोष्ट घरी येऊन इतक्यांदा सांगितली की आई उठून स्वयंपाकघरात जायला लागली.

तेव्हापासून त्यांना तो नादच लागला. मयतीला गेले तरी परत येताना कुणाच्या तरी कानावर घालून यायचे. नातेवाईकांत त्यांची थट्टा व्हायची. मला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं.

आता सर. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, त्याला कारण माझा चांगुलपणा नाही. प्रकरण अजून चालू आहे म्हणून. बारामतीतले जुने, नामांकित आर्किटेक्ट. पुण्याहून शिकून आल्यावर मी सुरुवातीला त्यांच्याकडेच लागले. काम शिकायला मिळालं, खोटं बोलणार नाही. पण नकाशा मी काढायचा, साइटवर उन्हात मी उभं राहायचं आणि मालकासमोर पाटी त्यांची, असं चाललं होतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "शिक्का माझा राहू दे, काम तू कर. नावाचं काय घेऊन बसलीस?" मी नोकरी सोडली आणि इंदापुरात तहसील कचेरीजवळ खताच्या दुकानावर एक खोली घेतली. निघताना त्यांना भेटायला गेले. ते हसून म्हणाले, "इंदापूरला? काढ की ऑफिस. तुमच्या समाजाची कामं तुला मिळतीलच."

हसूनच म्हणाले. चहाही पाजला. मी चहा प्याले आणि ते वाक्य जपून ठेवलं.

आमच्या समाजाची कामं मिळाली, खरं आहे. नोकरीला लागलेल्या पोरांनी आईबापांसाठी घरं बांधली, ती मी काढली. पण पहिलं मोठं काम दिलं ते भाजीपाला पिकवणाऱ्या एका मराठा कुटुंबानं. त्यांना आधीच्या कुणीतरी पुढे खांब आणि घुमट असलेला बंगला काढून दिला होता. मी त्यांच्या घरी एक दिवस नुसती बसून राहिले. मग घराच्या मागे टेम्पो थेट लागेल अशी उंच कट्ट्याची सावलीची जागा काढली, टोमॅटोचे क्रेट धुवायला मोठी मोरी काढली, आणि तिथे काम करणाऱ्या बायांना घरात न शिरता जाता येईल असं बाथरूम. घरधनीण म्हणाली, "आवं मॅडम, तुमी आमच्यात नांदल्यागत घर काढलंय." त्या घरामुळे नाव झालं. आणि त्या नावामुळे इंदापुरातल्या एका शिक्षणसंस्थेनं त्यांच्या नव्या इमारतीचं काम मला द्यायचं ठरवलं. बैठकीत ठरलं, तोंडी शब्द झाला, नेमणुकीचं पत्र पुढच्या बैठकीत द्यायचं होतं.

हे काम आजवर सरांकडे जायचं. त्या संस्थेच्या जुन्या इमारती त्यांच्याच.

बातमी आबांना कळली आणि आबांनी फ्लेक्स लावला.

आमच्या भागात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बारसं असो, वाढदिवस असो, पोरगा भरती झालेला असो की म्हातारा वारलेला असो, फ्लेक्स लागतो. कुणाला जाहिरात करायची म्हणून नव्हे. माया दाखवायची ती आठ बाय दहाच्या खाली दाखवली तर दाखवल्यासारखी वाटत नाही म्हणून. आबा इंदापुरातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. निळी पार्श्वभूमी, वर महापुरुषांचे फोटो, मधोमध काळ्या झग्यातला आणि चौकोनी टोपीतला माझा पदवीदानाचा फोटो. "पिंपळी गावची सुकन्या, सुप्रसिद्ध आर्किटेक्ट" म्हणून माझं नाव, शाळेच्या इमारतीचं काम मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. बाजूनं शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले चुलतभाऊ, फोनवर बोलत असल्यासारखे मामा. इतकं सगळं बसवल्यावर फ्लेक्सवाला आबांना म्हणाला, "आबा, खाली जागा मोकळी ऱ्हातीय. नंबर टाकू का पोरीचा?" आबा म्हणाले, टाक. त्यानं नंबर टाकला, आणि स्वतःच्या अकलेनं वर एक ओळही टाकली, "घर, बंगला, प्लॅन मंजुरीसाठी संपर्क."

पिंपळी फाट्यावर, बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला. मी पाहिला तेव्हा नजर आधी खालच्या नंबरावर गेली. कारण आमच्या वागणुकीच्या नियमांत आहे, आर्किटेक्टनं आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही आणि दुसऱ्याला करू द्यायची नाही. ऑफिसबाहेर बेताची पाटी लावा, बस्स. नियम वाईट नाही, मी आजही तसंच म्हणेन. घर बांधून घेणाऱ्यानं माणसाचं काम बघून यावं, फोटोचा आकार बघून नव्हे. मी आबांना म्हटलं, काढा तो. ते म्हणाले, "पौर्णिमा होऊ दे गं. पावणे येनारेत, बघू देत की." बापाच्या हौसेपुढं कोण बोलणार? पौर्णिमा झाली, पाहुण्यांनी बघितला, आबांनी काढून घडी घालून घरी आणला.

पण त्याआधी सरांची गाडी त्या रस्त्यानं गेली होती.

परिषदेची नोटीस आली. तिच्याबरोबर तक्रारीची प्रत होती, सरांच्या सहीची, चांगल्या इंग्रजीत. व्यवसायाची अप्रतिष्ठा, बाजारू वृत्ती, तरुण पिढीला धाक बसणं गरजेचं, असे शब्द. फोटो जोडलेले. एक लांबून, एक जवळून, एक फक्त फोन नंबराचा. आणि एक फोटो असा की त्यात फ्लेक्सच्या खाली आबा उभे आहेत. पिशवी हातात, मान वर, माझ्या फोटोकडे बघत. त्यांना कुणी फोटो काढतंय याचा पत्ता नाही. चेहरा इतका सुखी की आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोत तसा नाही. गाडी थांबवून, काच खाली करून, त्या माणसानं माझ्या बापाच्या सुखाचा पुरावा केला.

तो कागद हातात धरून मी त्या दिवशी जे ठरवलं त्यातलं आजही काही बदललेलं नाही.

संस्थेच्या लोकांच्या कानावर गोष्ट गेली. कशी गेली ते विचारायला नको. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर चौकशी हाय म्हनं. ती मिटू द्या, मग बघू." मिटायच्या आतच काम सरांकडे गेलं. नेमणुकीचं पत्र माझ्या हातात नव्हतं, तेव्हा तक्रार तरी कशाची करणार? आज मी ऑफिसला जाते ती त्या इमारतीवरूनच. वर्गांना पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं. मार्चपासून पोरं घामाघूम होत असतील. जाऊ दे.

वकील म्हणाले, तुम्ही लावला नाही ना, मग ज्यानं लावला त्यानं परिषदेच्या चौकशी कमिटीपुढे सांगावं. आबांनी लगेच होकार दिला. "मी केलंय तर मीच निस्तरतो," म्हणाले. कमिटी पुण्यात बसणार होती. आबांनी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला, दाढी करून आले. आयुष्यात त्यांच्यावर एकदाही कारवाई झाली नव्हती. तिकिटाच्या पैशात फरक नाही, प्रवाशाची तक्रार नाही. निवृत्तीच्या वेळी डेपोत तसं भाषणात सांगितलं गेलं होतं, आणि ते ऐकताना आबा अगदी ताठ बसले होते. असा माणूस मुलीचं कौतुक केलं म्हणून जबाब द्यायला निघाला.

तिथे आधी मला बोलावलं. सभ्य माणसं होती, आवाज चढवला नाही. माझं झाल्यावर मला बाहेर बसायला सांगितलं आणि आबांना एकट्यालाच आत घेतलं. सर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल बघत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, लग्नात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी. आबा बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. मी विचारलं, काय विचारलं? म्हणाले, "काय न्हाय. मी लावला म्हन्लं. पोरीला ठावं नव्हतं म्हन्लं. माफ करा म्हन्लं." परतीच्या गाडीत त्यांनी कंडक्टरशी एक शब्दही काढला नाही. आबा एसटीत बसून कंडक्टरशी बोलत नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

निकाल साधा लागला. ताकीद. पुन्हा असं होऊ देऊ नका. नोंदणी शाबूत, शिक्का शाबूत. वकिलांनी पेढे मागितले.

पुढे काही महिन्यांनी सुप्याला नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत आबांच्या शेजारी लांबचे एक पाहुणे बसले होते. त्यांनी विचारलं, "आबा, थोरली काय करती तुमची?" मी मागच्याच रांगेत होते. आता आबांचा आवाज येणार आणि अख्खी पंगत वळून बघणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली. आबा म्हणाले, "हाय इंदापुरात. कामाला." पाहुणे म्हणाले, कशाच्या? "हाय असंच हापिसात."

घरी येताना विचारलं, "आबा, आर्किटेक्ट म्हणायला काय झालं?" त्यांनी आधी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, रस्त्यावर कुणी आहे का ते. मग हळू म्हणाले, "नगं पोरी. कोन ऐकंल, कोन फोटू काढंल. तुजं नाव काढून टाकत्याल." मी समजावलं की बोलण्यावर बंदी नाही, बापानं सांगितलं तर ती जाहिरात होत नाही. ते "बरं बरं" म्हणाले. आणि त्यानंतरही कधी म्हणाले नाहीत. घरातसुद्धा नाही.

मला काम गेल्याचं दुःख होतं, पण कामं पुन्हा मिळतात आणि मिळालीही. मला तो शब्द आबांच्या तोंडून परत हवा होता. आणि तो हिरावणाऱ्या माणसाला तीच शिक्षा हवी होती. दुसरी कुठलीही नको. लोक मला येऊन सांगायचे, सर अमक्याच्या नकाशावर न बघता सही देतात, तमक्याला शिक्का वापरू देतात, तक्रार करा. परिषदेला ते गुन्हे मोठेच वाटले असते. पण कोर्टकचेरीत साक्षीला उभं राहायची वेळ आली की सांगणाऱ्यांची म्हैस नेमकी त्याच दिवशी विते, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यात रस नव्हता. मला तोच नियम हवा होता, तेच कलम, तोच फाटा.

सरांची साठी जवळ आली तेव्हा मी त्याच फ्लेक्सवाल्याकडे गेले. एका साइटचा छोटा फलक करायचा होता, म्हणजे कामच होतं. तो डिझाइन लावत असताना मी सहज म्हटलं, "सरांची साठी आहे ना या महिन्यात? एवढा मोठा माणूस, पण त्यांचा कधी बोर्ड दिसला नाही रस्त्याला. घरच्यांना हौस नसेल." इतकंच बोलले. पुढचं त्याच्या धंद्यानं केलं. सरांना एकच मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारी. बापावर फार जीव, हे मी त्यांच्याकडे कामाला असल्यापासून बघत आले होते. सर डबा विसरले तर ती शाळेच्या गणवेशात डबा घेऊन ऑफिसला यायची. फ्लेक्सवाल्यानं तिला फोन केला असणार. आणि सगळं बसवून झाल्यावर खाली जागा मोकळी राहतेय म्हणाला असणार. तो सगळ्यांनाच म्हणतो.

माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त झालं. इंदापूर एसटी स्टँडसमोर एक, बारामतीत दोन, आणि पिंपळी फाट्यावर एक. आबांचा होता त्याच जागी, पण त्याच्या दुप्पट. सर सूटमध्ये. "असंख्य वास्तूंचे शिल्पकार, नामवंत आर्किटेक्ट, आमचे लाडके पप्पा." खाली बांधकाम ठेकेदारांची आणि टाइल्सवाल्यांची नावं, आणि सर्वांत खाली "बांधकामविषयक सल्ल्यासाठी संपर्क". मी गाडी बाजूला घेतली आणि एकटीच हसत बसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

फोटो काढले. लांबून, जवळून, फक्त नंबराचा. तेवढ्यावर माझं भागलं नाही. मला चौथा फोटोही हवा होता. साठीच्या दिवशी सकाळपासून मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसले. चहावर चहा झाले, टपरीवाली म्हणाली, मॅडम कुनाची वाट बघताय? मी म्हटलं, एका पाहुण्याची. दुपार व्हायच्या आत गाडी आली. मुलगी बापाला दाखवायलाच घेऊन आली होती. सर उतरले, फ्लेक्सकडे बघून "कशाला गं एवढं" असा हात केला, आणि मग बघत राहिले. मान वर. तिनं त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं आणि सेल्फी काढली. मी माझा काढला.

मला दया आली का, असं एका मैत्रिणीनं नंतर विचारलं. मी म्हटलं, फोटो चांगला आला.

तक्रार लिहायला मला वेळ लागला नाही. सरांनी माझ्याविरुद्ध केलेली तक्रार समोर ठेवली आणि ती जशीच्या तशी उतरवली. अप्रतिष्ठा, बाजारू वृत्ती, सगळं. फक्त "तरुण पिढीला" ऐवजी "ज्येष्ठांना" केलं. सही केली, खाली शिक्का मारला, माझ्या नंबरासकट.

नोटीस पोचल्यावर सर माझ्या ऑफिसात आले. खताच्या दुकानावरचा तो जिना त्यांना जड गेला, वर येऊन धापा टाकत बसले. मी पाणी दिलं. चहाही सांगितला, त्यांनी मला पाजला होता म्हणून.

"अगं, आपण एकाच व्यवसायातले," ते म्हणाले. "आपसांत असं करायचं नसतं."

"हो ना, सर."

"पोरीनं हौसेनं लावलं. मला आधी माहीतही नव्हतं, शपथेवर सांगतो."

"आबांनीही हौसेनंच लावला होता."

"तुझ्या वडिलांचं वेगळं. त्यांना काय कळतंय त्यातलं." हे म्हणाले आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला. "ती सारखी रडतेय. आता तिला साक्षीला बोलावलंय. तिला यात ओढू नकोस एवढंच म्हणतो."

"मी नाही ओढत, सर. नियमच तसा आहे. ज्यानं लावला त्यानं सांगायचं."

ते उठले. जिन्याशी थांबून म्हणाले, "इतका राग बरा नव्हे." मी म्हटलं, सावकाश उतरा, तिसरी पायरी तुटलेली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी पिंपळीला गेले. इतक्या दिवसांत आबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सगळं पक्कं झाल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं. आबा अंगणात बाजेवर बसून वाटाणे सोलत होते. मी शेजारी बसले, सोलू लागले, आणि पहिल्यापासून सांगितलं. साठी, फाट्यावरचा फ्लेक्स, फोटो, तक्रार, नोटीस. सर जिना चढून आले तेही. मला वाटलं होतं ते मांडीवर थाप मारतील. मला वाटलं होतं, त्यांचा तो गाडीतला आवाज परत येईल, शेजारच्याला हाक मारतील आणि म्हणतील, ऐकलं का, आमच्या आर्किटेकनं काय केलं!

ते सोलतच राहिले. मग म्हणाले, "त्येंचा बोर्ड कुनी लावला हुता?"

"त्यांच्या मुलीनं."

"मग तिला बोलवत्याल. पुन्याला, कमिटीम्होरं."

"बोलावलंय. पुढच्या आठवड्यात आहे."

आबांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "तिला म्हनावं, आत गेल्यावर खुर्ची माग," ते म्हणाले. "मला वाटलं, तितं उभंच ऱ्हायाचं असतंय. कोर्टागत. समदं हुईस्तोवर उभा हुतो मी. पाय भरून आलं, हात टेकवावा म्हन्लं तर टेबल लांब. ती मान्सं आपली लिवत्यात, मधीच चा पित्यात, मंग पुन्ना इचारत्यात. शेवटाला जा म्हनल्यावर वळलो, तर खुर्ची माझ्या मागंच हुती. कुनी बस म्हन्लंच न्हाय, आन् मला बी कळलं न्हाय. पोरीला आधीच सांग. ल्हान हाय ती."

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते तेव्हा. आरामात टेकून.

वाटाणे संपले, आई टोपलं आत घेऊन गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ते कुणी पेटवलं, हे मी विसरणार नाही, आणि आबांचं ऐकून तर मुळीच नाही. तो माणूस कॉरिडॉरच्या टोकाला मोबाइल बघत होता आणि माझा बाप आत उभा होता, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. आबा रोज फोन करून विचारतात, सांगितलंस का तिला. मी म्हणते, सांगितलं. ते म्हणतात, "बरं केलंस." परवा तिची सुनावणी आहे. मी तिला काहीही सांगितलेलं नाही.